उसवलेला कोपरा

मी दार ढकललं तेव्हा तिघी जणी मावशीचं शेवटचं काम उसवत बसल्या होत्या.

मावशीला जाऊन सोळा दिवस झाले होते. खिडकीपाशी तिच्या खुर्चीत ताई बसली होती. ताई म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी. तिच्या मांडीवर मावशीची अर्धवट शाल होती. शाल म्हणायची इतकंच. चार बोटं रुंदीच्या काठाची वीतभर पट्टी आणि तिच्या टोकाला, सुयांवर गोळा होऊन बसलेला, नुकताच वळवलेला पहिला कोपरा. ताई सुईवरून एक टाका सोडवायची, थांबायची, मग पुढचा सोडवायची. सुटलेली लोकर समोर बसलेल्या शिंपीणकाकू गुंड्यावर गुंडाळून घेत होत्या. मास्तरीणबाई हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत होत्या. मी आले याची कुणी दखल घेतली नाही. कुणी बोलतही नव्हतं, आणि शिंपीणकाकू जिथे बसल्यात तिथे कुणी बोलत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

माझ्या हातात पुठ्ठ्याचं सपाट खोकं होतं, आत जुनं कापड जपायला वापरतात तो आम्ल नसलेला पांढरा कागद अंथरलेला. मी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पदवी भौतिकशास्त्राची, पण दिवस जातो तो धाग्यांचा पीळ मोजण्यात. मावशीचं हे काम एका संग्रहालयानं जपून ठेवायचं कबूल केलं होतं, आणि रविवारी न्यायला येते असं मी ताईला कळवलंही होतं. ती फक्त "ये" म्हणाली होती.

मला हवा होता तो कोपरा.

सुयांवर विणलेली पट्टी काटकोनात वळवणं सोपं नाही. वळणाच्या बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून मध्ये अर्ध्यावरून परतणाऱ्या ओळी घालाव्या लागतात. त्या घातल्या की कुठेतरी भोक पडतं, नाहीतर फुगवटा येतो. सगळ्यांच्याच कोपऱ्यात यातलं एक काहीतरी असतं. मावशीच्या कोपऱ्यात नसायचं. तिचा कोपरा थाळीतल्या पाण्यासारखा सपाट पडायचा. दर बुधवारी तिच्याकडे विणायला जमणाऱ्या बायकांनी, त्यात काकू आणि बाईही आल्या, तीस वर्षं तो विचारला आणि तीस वर्षं तिनं एकच उत्तर दिलं, "मी गेल्यावर बघा." पूर्ण झालेल्या शालीवरून तो शोधायची सोय नव्हती. ती काम झालं की गरम पाण्यात कोपरे तळहातानं इतके चोळायची की तंतू एकमेकांत जमून जायचे. तसा एक कोपरा मी सूक्ष्मदर्शकाखाली घालून पाहिला होता. कुठला धागा कुठून निघून कुठे गेला, काही म्हणजे काही दिसलं नाही. म्हणजे जगात वाचता येईल असा कोपरा हा एकच, सुईवर असलेला. आणि ताई तो उसवत होती.

उसवण्यामागचं कारण मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलं होतं: विणणारी गेली आणि सुईवर टाके राहिले, तर तिचा जीव त्या टाक्यांत अडकतो. म्हणून ते काम उसवून टाकायचं. मला ते नेहमी संतापजनक वाटत आलं होतं. विणकामाचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते: मागावरचं कापड हजारो वर्षांपूर्वीचं सापडतं, सुयांवरचं जुनं काम मात्र फार थोडं. ही कला मुळात वयानं लहान. त्यात लोकरीला कसर लागते. आणि माणसं जुनं उसवून त्याच लोकरीचं नवं विणत आली. मडकं फुटलं तरी खापर उरतं. विणलेलं उसवलं की फक्त लोकर उरते, आणि लोकर काही बोलत नाही.

तेव्हा मला असं वाटत होतं.

मी खोकं खाली ठेवलं, खोली ओलांडली आणि ताईच्या मांडीवरून ती पट्टी उचलली.

पुढचं सगळं घडायला चारपाच सेकंद लागले असतील. सुया ताईच्या हातात राहिल्या आणि पट्टी माझ्या हातात आली. चव्वेचाळीस टाके उघडे पडले. मी मागे सरले. लोकरीचं दुसरं टोक शिंपीणकाकूंच्या गुंड्यात होतं आणि त्यांनी दचकून तो गुंडा छातीशी घट्ट धरला. जाळीची वीण, मऊ लोकर, अडवायला काहीच नाही. एक ओळ सुटली, मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत इतक्या वेगानं बाकीच्या. ओळी सुटल्याचा बारीक सरसर आवाज आला. मी पट्टी उंच धरली, त्यानं ती आणखी सुटली. भान येऊन मी हात खाली घेतला तेव्हा माझ्या मुठीत सरळ काठ उरला होता. कोपरा फरशीवर पडला होता, कुरळ्या लोकरीचा ढीग होऊन.

ताईनं सुया तशाच धरल्या होत्या. सुयांवर काही नव्हतं.

"काय केलंस हे," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता, अगदी हळू होता. त्यामुळेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

"मी वाचवत होते," मी म्हणाले. "तुम्ही उसवत होतात. जीव अडकतो वगैरे मला मान्य आहे, म्हणजे मान्य नाही, पण निदान फोटो..."

"जीव अडकतो ते आम्ही बाहेरच्यांना सांगतो," बाई म्हणाल्या. "कारण सांगितलं की लोक उगाच मध्येमध्ये करत नाहीत. तू सोडून."

"मग खरं काय?"

उत्तर शिंपीणकाकूंनी दिलं. गुंडा अजून छातीशीच होता. "अगं, ती शिकत होती."

मला कळलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण बाईंनी मला शाळेतल्या मठ्ठ मुलीला समजवावं तसं समजावून दिलं. विणलेलं वरून बघून कळत नाही. कळतं ते उलट जाताना. एकेक टाका सोडवायचा. तो कुठल्या टाक्यातून आला होता, किती घट्ट होता, दोन एकत्र होते की एक, हे बोटांना कळतं. म्हणून शिकवणारी आपलं सगळ्यात अवघड काम शेवटी सुईवर ठेवते, आणि ती गेली की तिच्या जागी बसणारी ते उसवते. बोलायचं नाही, लिहायचं नाही. हातांनी शिकायचं. मावशीही तशीच शिकली होती. टोप्या विणणारी तिची गुरू वारली तेव्हा मावशीनं अडीच दिवस बसून तिचं शेवटचं काम उसवलं होतं. कोपरा तिथून आला होता.

"म्हणजे 'मी गेल्यावर बघा' हे..."

"थट्टा वाटली होय तुला?" बाई म्हणाल्या. "ती थट्टा करायची का कधी?"

नव्हती करत. मी फरशीवर बसले, त्या ढिगाशेजारी. ज्या गोष्टीला मी अडाणीपणा समजत होते ती शिकवण्याची पद्धत होती, आणि ती मी, स्वतःला इथली सगळ्यात शिकलेली समजणाऱ्या मुलीनं, मुठीत धरून ओढली होती. करायला गेले एक.

मी ताईकडे पाहिलं. ती हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य नर्स आहे, तिला ओरडताना मी कधी ऐकलेलं नाही. तिनं सुया मांडीवर ठेवल्या.

"तिनं मला एकदाही दाखवला नाही," ती म्हणाली. "मी खोलीत आले की कामावर रुमाल टाकायची. हात लावू नकोस म्हणायची. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, माझ्यापासून लपवायची. आज दाखवणार होती."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिंपीणकाकूंना शांतता फार वेळ सोसत नाही. त्यांनी वाकून फरशीवरची लोकर गोळा करायला घेतली. "झालं ते झालं. पाणी कोमट करते, धुऊन टाकू. म्हणजे सरळ होईल, मग सगळ्याजणींना वाटून देऊ. रीत तरी पुरी करू."

सरळ होईल.

मी त्यांचं मनगट धरलं. "काकू, धुऊ नका."

"आता आणखी काय राहिलंय तुझं, मोजपट्टी?" मोजपट्टी हे माझं नाव मावशीनं ठेवलेलं, मी सहा वर्षांची असताना तिच्या सगळ्या सुया लांबीप्रमाणे लावून ठेवल्या तेव्हापासून.

"ही बघा." मी लोकरीचा एक पदर उजेडात धरला. तो कुरळा होता, पण सारखा कुरळा नव्हता. लाटा होत्या, काही अरुंद आणि उभट, काही बसक्या. "एक लाट म्हणजे एक टाका. लोकर वाकून राहिली की तिला वाकायची सवय लागते. कोपरा गेलेला नाही. तो यातच आहे, फक्त ताणून लांब झालाय. पाण्यात टाकला की मात्र खरंच जाईल."

"लोकरीवरून तू टाके ओळखणार?"

"मोजून."

मास्तरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे.

"किती दिवस लागतील?" ती म्हणाली.

"बुधवारपर्यंत दे. आणि मला तुझ्या हातचा एक नमुना लागेल, याच लोकरीचा, याच सुयांवर. साधे टाके, जाळीचे टाके, दोन एकत्र विणलेले, सगळे कुठे आहेत ते लिहून. तो मी उसवून आधी मोजेन. म्हणजे कुठल्या टाक्याची लाट कशी असते ते कळेल."

"तिचा हात आणि माझा हात सारखा नाही."

"लोक म्हणतात सारखा आहे."

"लोक म्हणतात. ती नाही म्हणायची." तरी तिनं सुया उचलल्या. बोटभर नमुना विणायला तिला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात शिंपीणकाकूंनी चहा केला आणि मास्तरीणबाईंनी मला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांना सांगितलं, की अतिशहाण्या मुलींना एकटं सोडू नये.

पुढचे तीन दिवस मी जेवणाच्या सुट्टीतही सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. काळ्या पुठ्ठ्यावर ती लोकर न ताणता टाचण्यांनी बसवली, दहा दहा सेंटिमीटरच्या रांगांत. काठाकडचं टोक माहीत होतं, त्यामुळे क्रमाचा प्रश्न नव्हता. ताईचा नमुना उसवला तेव्हा माझं मलाच खरं वाटेना, इतका फरक स्पष्ट होता. दोन टाके एकत्र विणले की लोकर जास्त ताणली जाते, तिथली लाट उंच आणि चिमटीत धरल्यासारखी. जाळीच्या जागी बसकी आणि रुंद. जिथे ओळ संपून सुई परतते तिथे एक टोकदार कोन. कोनापासून कोनापर्यंतच्या लाटा मोजल्या की त्या ओळीतले टाके. कोपऱ्याच्या एकूण लाटा पाचशे चौऱ्याहत्तर निघाल्या, ओळी सव्वीस. चौदा लाटांबद्दल मला शंका होती, बाकीच्यांबद्दल नव्हती. लोकर जरा विसविशीत असल्यामुळे काही ठिकाणी कडा धूसर दिसत होत्या. त्याची नोंद मी शेवटच्या रकान्यात केली, 'मोजमापात अडथळा' अशी, आणि पुढे गेले.

बुधवारी ती यादी घेऊन मी गेले. तिघी तशाच बसल्या होत्या, फक्त या वेळी टेबल मध्ये ओढलेलं होतं. मी एकेक ओळ वाचत गेले आणि ताई नव्या लोकरीनं विणत गेली. सातव्या ओळीला तिच्या भुवया जवळ आल्या. बाराव्याला ती थांबली.

"इथे परतायचं? नक्की?"

"नक्की."

"इथे कोण परततं?" ती स्वतःशीच म्हणाली, पण परतली.

सव्विसावी ओळ झाली. तिनं टाके जाड दोऱ्यावर काढून घेतले, कोपरा टेबलावर पसरला, तळहातानं हलकेच ताणला. मध्यावर भोक होतं. जाळीतलं नाही, वेगळंच. शिंपीणकाकूंनी त्यातून करंगळी घातली आणि ती पलीकडे आली.

ताईनं कोपरा उलटा करून पाहिला.

"यादी चुकली," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात माझी कीव होती.

मी तिथल्या तिथे तपासली. दोनदा. शंकेच्या चौदा लाटांपैकी एकही त्या भोकाच्या जवळपास नव्हती. नवव्यापासून पंधराव्या ओळीपर्यंतचे आकडे मी पुठ्ठ्यावरच्या लोकरीशी पुन्हा ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता. "यादी बरोबर आहे," मी म्हणाले, आणि हे वाक्य बोलून होईपर्यंत त्याचा अर्थ काय होतो ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे काय? तिच्या कोपऱ्याला भोक होतं?" शिंपीणकाकू हसल्या. एकट्याच. "रविवारी दिसलं नाही मग कुणाला?"

"सुईवर गोळा झालेलं असतं सगळं," बाई म्हणाल्या. "ताणल्याशिवाय कळतं का?"

ताईनं पुठ्ठा स्वतःकडे ओढला. एक टाचणी काढून लोकर अंगठा आणि तर्जनीमध्ये धरली आणि डोळे मिटले. नाडी बघताना ती असेच डोळे मिटते.

"ही कुठली?"

"कोपऱ्याची."

"आणि ही?"

"काठाची. दोन ओळी माझ्या हातून जास्त सुटल्या ना, त्यातली."

"एकाच गुंड्यातली?"

"एकच सलग धागा आहे तो, ताई. कापलेला नाही कुठे."

तिनं दोन्हीवरून परत बोटं फिरवली. मग पुठ्ठा मास्तरीणबाईंकडे सरकवला. बाईंनी लोकर चाचपली आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. शिंपीणकाकूंनी चाचपली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही केलंय.

"काय आहे?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"पीळ सुटलाय," ताई म्हणाली. "पिंजून निघालीय. लोकर अशी केव्हा होते माहितीये? परत परत विणून परत परत उसवली की. एकदादोनदा नव्हे."

माझ्या वहीत ते होतं. काठाच्या लोकरीची जाडी सरासरी बेचाळीस शतांश मिलिमीटर, कोपऱ्याच्या लोकरीची एकोणतीस. तुटलेल्या तंतूंची टोकं चौपट. पीळ निम्मा. मी ते सगळं मोजलं होतं आणि 'अडथळा' म्हणून शेवटच्या रकान्यात टाकलं होतं. तीन दिवस मी मावशीच्या शेवटच्या वर्षाकडे भिंगातून बघत होते आणि माझी तक्रार होती की कडा धूसर आहेत.

"वर्षभर," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत होत्या ते सांगता येणार नाही. "वर्षभर मी तिच्या हातात तो चार बोटांचा काठ बघतेय. दर बुधवारी. मला वाटायचं, नवी शाल सुईवर घातलीय. दर वेळी वाटायचं, नवी घातलीय."

"मी विचारलंही होतं," शिंपीणकाकू म्हणाल्या. "म्हटलं, किती शाली झाल्या यंदा? तर म्हणाली, मोजायचं काम मोजपट्टीचं, मला काय विचारतेस. आणि हसलो की आपण सगळ्याजणी."

ताई खुर्चीत सरळ बसली होती. हात टेबलावर, बोटं एकमेकांपासून दूर. "मीठ साखरेच्या बरणीत ओतलं होतं तिनं," ती म्हणाली. "सगळ्या चहाची वाट लागली. मी आठवडाभर चिडवत होते. माझी ड्यूटी सकाळची की दुपारची, रोज विचारायची. मला वाटलं, लक्ष देत नाही माझ्याकडे. मी वॉर्डात रोज सकाळी वीस म्हाताऱ्या माणसांना विचारते, आजी, आज वार कोणता. आजोबा, तुम्ही आत्ता कुठे आहात. वीस जणांना. ओळीनं."

"अगं, घरी कोण विचारतं असलं," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"रुमाल टाकायची ती कामावर. हात लावू नकोस म्हणायची." ताईनं हे रविवारीही म्हटलं होतं, याच शब्दांत. आता त्याच शब्दांचा अर्थ वेगळा लागत होता.

मावशी हृदय बंद पडून गेली, दुपारी, बसल्या जागी. विसरण्याचा आजार तिला आहे असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण कुणी पाहिलंच नव्हतं. पाहत होती ती एकटीच.

मी त्या दिवशी घरी जाऊन विणायला बसले. माझा हात वाईट आहे, पण या कामाला चांगला हात लागत नव्हता. त्याच जातीच्या नव्या लोकरीचा सहा मीटर धागा, त्याच यादीप्रमाणे कोपरा, मग उसवणं, मग जाडी मोजणं, मग परत तोच धागा. आई दोनदा येऊन बघून गेली, दुसऱ्यांदा म्हणाली, "एकदा करून सोडून दे ना." शनिवारी संध्याकाळी माझ्या धाग्याची जाडी एकोणतीसवर आली. सोळाव्या खेपेला. माझ्या आणि मावशीच्या हातातला फरक धरून मी दोन खेपा इकडेतिकडे सोडल्या. म्हणजे मावशीनं तो कोपरा चौदा ते अठरा वेळा घातला होता.

हा आकडा ताईला सांगावा की नाही, याचा विचार मी केला. मग लक्षात आलं की न सांगणं म्हणजे पुन्हा शेवटच्या रकान्यात टाकणं. रविवारी सकाळी गेले आणि सांगितला.

ती एकटीच होती. टेबलावर तिचा भोकाचा कोपरा तसाच होता, तिनं उसवला नव्हता. तिनं आकडा ऐकला आणि ती खिडकीबाहेर समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींकडे बघत राहिली.

"सोळा वेळा," ती म्हणाली. "सगळे सारखेच होते का गं? हेच, भोकाचे?"

"ते कळत नाही. नवं विणलं की आधीच्या लाटा पुसल्या जातात. शेवटचीच खेप वाचता येते."

"काहीच मार्ग नाही?"

"नाही."

"नीट विचार कर. तुमच्या त्या यंत्रांत काही असेल."

"नाही, ताई. खरंच नाही."

तिनं मान हलवली. मग ज्या आवाजात ती वॉर्डात औषधाची मात्रा विचारत असेल त्या आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे असंही झालं असेल की एखाद्या वेळी तो बरोबर आला होता. सहाव्या खेपेला, दहाव्या खेपेला. हातांना आठवला असेल. आणि तिनं तो बघितला, पण हाच तो हे तिला ओळखता आलं नाही. आणि तिनं तो उसवला."

शक्यता होती. नाकारायला माझ्याजवळ एकही मोजमाप नव्हतं. मी त्या खोलीत उभी राहिले आणि मला मावशी दिसली, याच खुर्चीत, मांडीवर थाळीतल्या पाण्यासारखा सपाट कोपरा घेऊन, त्याच्याकडे परक्यासारखी बघणारी.

"झालं असेल," मी म्हणाले.

ताई उठली. तिनं माझा पुठ्ठा घेतला आणि एकेक टाचणी काढून बशीत टाकत गेली. पाचशे चौऱ्याहत्तर लाटांचा तो धागा तिनं हातावर गुंडाळून घेतला. मी अडवलं नाही. मावशीच्या सुया घेऊन ती खुर्चीत बसली, सरळ काठाचे चव्वेचाळीस टाके सुईवर उचलले आणि त्याच झिजलेल्या लोकरीनं कोपरा घालायला सुरुवात केली. माझी यादी टेबलावर होती. तिनं ती उलटी घातली.

"आता कसा घालणार?" मी विचारलं.

"माहीत नाही. बाराव्या ओळीला परतायचं नाही, एवढं माहितीये."

ती विणत गेली. पाचव्या ओळीच्या मध्यावर लोकर तुटली. ताणलीही नव्हती तिनं. धागा नुसता सुटा झाला, जसा काही त्याचा निर्णय आधीच झाला होता. दोन टोकं तिच्या हातात लोंबत राहिली. माझ्या तोंडून आवाज निघाला, तिच्या नाही.

तिनं दोन्ही टोकं जिभेला लावून ओली केली, एकावर एक ठेवली आणि तळहातांमध्ये धरून जोरजोरात चोळली. मग सांधा ओढून पाहिला. धरला होता.

"बस ना," ती म्हणाली. "उभी का आहेस अशी?"

मी बसले. ती सहाव्या ओळीला लागली.